अडीच मीटर आणि साठ सेंटिमीटर

गेमिंगसाठी मॉनिटर घ्यावा की टीव्ही, हा प्रश्न आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर टाकला तर पाच मिनिटांत उत्तर येतं. मॉनिटर. मग कुणीतरी बजेट विचारतं, कुणीतरी लिंक टाकतं आणि विषय संपतो. माझाही कल तिकडेच होता, आणि त्याला धंद्याचं कारण आहे. माझं निम्मं काम ‘हे इतकं हळू का चालतंय?’ या एका प्रश्नाभोवती फिरतं. बटण दाबल्यापासून उत्तर येईपर्यंत किती मिलिसेकंद गेले, कुठे गेले, त्यातले किती वाचवता येतील. अशा माणसाची टीव्हीवर गेम खेळताना जी चिडचिड होते, ती घरच्यांना समजावून सांगणं अवघड आहे.

आकडे आधी सांगून टाकतो, कारण ते खरे आहेत. 60 हर्ट्झचा स्क्रीन सेकंदाला 60 चित्रं दाखवतो, म्हणजे एका चित्राला 16.7 मिलिसेकंद. 144 हर्ट्झच्या मॉनिटरवर हेच 7 च्या आत येतं. पण खरा घोळ हर्ट्झमध्ये नसतो. टीव्ही आलेलं चित्र लगेच दाखवत नाही. आधी ते ‘सुधारतो’: रंग खुलवतो, कडा ठसठशीत करतो, काही टीव्ही तर दोन चित्रांच्या मधलं तिसरं चित्र स्वतःच्या मनाने बनवून घुसवतात, आणि त्यासाठी आधीचं चित्र अडवून ठेवतात. मालिका बघताना याचा काही त्रास नाही, कारण मालिकेतल्या सुनेला कुणी बटण दाबून वळवत नाही. गेममध्ये मात्र अंगठा आधी आणि गाडी नंतर, असं होतं. ‘गेम मोड’ लावला की ही कारागिरी बरीचशी बंद होते. आमच्या हॉलमधल्या 32 इंची टीव्हीवर मी हे मोजलं. फोनवर सेकंदाला 240 फ्रेमचं स्लो मोशन लावायचं, एकाच चित्रीकरणात अंगठा आणि स्क्रीन दोन्ही घ्यायचे, आणि बटण दाबल्यापासून गाडी वळेपर्यंतच्या फ्रेम मोजत बसायचं. गेम मोड बंद असताना 41. चालू असताना 22. म्हणजे साधारण 170 आणि 90 मिलिसेकंद. (यात कन्सोलचा आणि गेमचा स्वतःचा वेळही आला. सगळं पाप टीव्हीचं नाही.)

मोठा टीव्ही म्हणजे मोठं चित्र, हेही डोळ्याच्या हिशेबाने खरं नाही. 27 इंची मॉनिटर 60 सेंटिमीटरवर ठेवला तर तो नजरेतला सुमारे 53 अंशांचा पट्टा व्यापतो. 43 इंची टीव्ही अडीच मीटरवरच्या सोफ्यावरून बघितला तर जेमतेम 22 अंश. म्हणजे दुकानात केविलवाणा दिसणारा मॉनिटर टेबलावर दुपटीहून मोठा होतो. त्याच पैशांत, किंबहुना कमी पैशांत.

पण 60 सेंटिमीटरवर एकच डोकं मावतं. दुसऱ्याला बघायचं तर खुर्ची ओढून, मान वाकडी करून, तुमच्या खांद्यावरून बघावं लागतं, आणि पाच मिनिटांनी तो उठून जातो. स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात इतक्या ओळी असतात, पण या दुसऱ्या माणसासाठी जवळजवळ एकही नसते. बहुतेक आकडे बरोबर समोर बसलेल्या एकाच माणसाला धरून असतात. तुम्ही हे ज्या स्क्रीनवर वाचताय तो तर आणखी जवळ आहे. बसमध्ये शेजारच्याने त्यात डोकावलं की आपण फोन नकळत कलता करतो.

गेमिंगचा स्क्रीन नेहमीच असा एकट्याचा नव्हता. 1966 मध्ये राल्फ बेअर नावाचा अमेरिकेतला इंजिनिअर याच विचारात पडला होता, की घरोघरी टीव्ही आहेत, ते नुसते बघण्यापलीकडे आणखी कशाला वापरता येतील? त्यातून 1972 मध्ये ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ हे टीव्हीला जोडायचं पहिलं व्हिडिओ गेम यंत्र बाजारात आलं. त्याला आवाज नव्हता. रंगीत देखावे हवे असतील तर प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा. आणि त्यातल्या बहुतेक खेळांना दोन माणसं लागायची, कारण समोरून खेळेल असा कम्प्युटर त्या डब्यात नव्हताच. दुसरा माणूस ही तेव्हा हौस नव्हती, तो यंत्राचा गहाळ असलेला भाग होता.

माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी हेच आणखी स्वस्तात अनुभवलंय. पिवळ्या कॅसेटवर ‘9999 इन 1’ लिहिलेलं असायचं, आत खेळ असायचे मोजून दहा-बारा. दोन रिमोट, त्यातल्या एकाचं बटण अडकलेलं. तो कुणाच्या वाट्याला यायचा हे वयावरून ठरायचं, म्हणून तो कायम माझ्याकडे. सोबत बदकं मारायची बंदूक यायची. ती फक्त जुन्या, पाठीमागे ढेरी असलेल्या टीव्हीवरच चालते, कारण त्या टीव्हीत चित्र ज्या क्षणी यायला हवं त्याच क्षणी येतं, आणि बंदुकीचं सगळं गणित त्या क्षणावर बसवलेलं असतं. नव्या टीव्हीला जोडली तर एकही बदक पडत नाही. म्हणजे उशीर न करणारा स्क्रीन आणि सगळ्यांनी मिळून बघायचा स्क्रीन हे एके काळी एकच होते. त्यांची फारकत आपल्या डोळ्यांदेखत झाली.

आल्बर्ट बोर्गमन या तत्त्वज्ञाने 1984 च्या एका पुस्तकात या फारकतीबद्दल लिहिलंय, फक्त त्याचं उदाहरण घर तापवण्याचं आहे. थंड देशातल्या घरात पूर्वी शेकोटी असायची. ऊब हवी तर लाकडं फोडायची, जाळ सांभाळायचा, आणि सगळ्यांनी तिथेच येऊन बसायचं. मग सेंट्रल हीटिंग आलं. आता ऊब प्रत्येक खोलीत, बटणावर, कुणाला न विचारता मिळते. ऊब तेवढीच, किंबहुना जास्त चांगली. पण शेकोटी ऊब देता देता घराला एका जागी बांधून ठेवत होती, ते काम हीटरच्या यादीत नव्हतंच, त्यामुळे ते गेल्याची नोंदही कुठे झाली नाही.

हे वाचून मला लगेच चूल आठवली आणि पाठोपाठ आजीचे डोळेही आठवले. चुलीभोवती सगळे बसायचे हे खरं, पण धूर एकीच्याच डोळ्यांत जायचा. एकत्रपणाच्या गोष्टी सांगणाऱ्या लेखांत हा धूर फार क्वचित दिसतो. शिवाय बोर्गमनचा टीव्हीवर राग होता. टीव्हीची शेकोटी केलेली त्याला अजिबात चालली नसती. तरीही त्याचा प्रश्न मला सोडून देता येत नाही. एखादी वस्तू तिचं काम अधिक चांगलं करू लागली आणि त्यात तिने नकळत केलेलं दुसरं काम सुटलं, तर ती सुधारली म्हणायची का?

आमच्या घरापुरतं बोलायचं तर हॉलच्या टीव्हीवर सात ते नऊ आईच्या मालिका असतात, नऊनंतर बाबांच्या बातम्या. बाबा मागच्या वर्षी रिटायर झाले आणि दोघं पुण्याला माझ्याकडे आले. धाकटा भाऊ इथेच कॉलेजात आहे. मी साठवलेल्या पैशांत दोनपैकी एक गोष्ट येत होती: माझ्या खोलीत चांगला मॉनिटर, किंवा हॉलमधला टीव्ही बदलून मोठा.

टीव्ही हे ऐकायला उदार वाटतं. ‘घरासाठीच घेतोय.’ पण अशा उदारपणाकडे जरा संशयाने बघावं. ज्याच्या पगारातून टीव्ही आला त्याला रिमोट मागावा लागत नाही. मी कन्सोल चालू करायला उठलो की आई म्हणणार, ‘तू खेळ, मी मोबाईलवर बघते.’ आणि खरंच आत जाऊन, पाच-सहा इंचांवर, कानात एक वायर घालून बघत बसणार. मग हॉलमधला मोठा स्क्रीन नावाला सगळ्यांचा, प्रत्यक्षात माझा. धूर पुन्हा तिच्याच डोळ्यांत. त्यापेक्षा मी माझ्या खोलीत मॉनिटर लावून गप्प खेळलो तर ते जास्त सभ्य नाही का? मला हा युक्तिवाद आजही भक्कम वाटतो. सामायिक वस्तू तेव्हाच सामायिक असते जेव्हा सगळ्यात कमी बोलणाऱ्यालाही ‘नाही’ म्हणता येतं.

दुसरी बाजू मांडणं अवघड आहे, कारण त्या बाजूला कुणाचं नुकसानच दिसत नाही. जॉन स्टुअर्ट मिलने 1859 मध्ये ‘ऑन लिबर्टी’त घालून दिलेली कसोटी आपण न वाचताही रोज वापरतो: माझ्या वागण्याने दुसऱ्याला इजा होत नसेल तर मला अडवायचं कारण नाही. मॉनिटर या कसोटीत पैकीच्या पैकी गुण घेतो. दार लोटलेलं, हेडफोन लावलेले, आईची मालिका चालू, बाबांच्या बातम्या चालू. भांडण नाही.

मात्र बाबा मी खेळताना बघतात. स्वतः कंट्रोलर घेत नाहीत, ‘मला नाही जमणार ते’ म्हणतात. पण रेसिंगचा गेम लावला की पेपर घेऊन सोफ्यावर येतात आणि पेपर वाचत नाहीत. ‘एवढं घाईघाईने वळण घेतात का?’ असं विचारतात. बाबांनी एकतीस वर्षं स्कूटर चालवली, त्यातली निम्मी घाटात. एकदा पावसाळ्यातल्या आंबेनळी घाटाची अख्खी गोष्ट मला एका गेममधल्या ओल्या रस्त्यामुळे ऐकायला मिळाली. मी विचारली नव्हती, विचारायचं सुचलंही नसतं. बाबांना माझा गेम बघण्याचा हक्क आहे का? नाही. तो हिरावला तर ते तक्रार करतील का? मुळीच नाही, कदाचित त्यांच्या लक्षातही येणार नाही. इजा नाही, हक्क नाही, तक्रार नाही. मिलच्या वहीत लिहायला काही उरतच नाही, आणि तरी काहीतरी गेलेलं असतं. हक्कांच्या भाषेत जे बसत नाही ते सगळं फक्त आवडीनिवडीचं, असं मानायला मी तयार नाही. बाबांशी बोलणं मी कुणाला देणं लागत नाही. ते मला महत्त्वाचं आहे.

मग मी आईला विचारलं. खरं तर एवढंच करायचं होतं, आणि तक्ते बघण्यात माझे तीन आठवडे गेले. ती म्हणाली, ‘टीव्ही आण. पण सात ते नऊ हात लावायचा नाही. आणि मॅच असेल तेव्हा बाबांना विचारायचं.’ अटी घालताना तिचा आवाज रोजच्यापेक्षा मोठा होता. अट घालता येणं हीच मला हवी असलेली खूण होती. 43 इंची आणला, गेम मोड नीट चालतो हे दुकानात फोनने मोजून आणला. दुकानदाराला वाटलं मी रील बनवतोय.

भावाला मात्र हे काही लागू नाही. तो व्हॅलोरंट खेळतो. पाच विरुद्ध पाच, त्याचे चार साथीदार वेगवेगळ्या शहरांत. तिथे त्याचे 80 मिलिसेकंद उशिरा पडले तर त्या चौघांचा डाव जातो, तेव्हा त्याचीही माणसं आहेतच, फक्त आमच्या सोफ्यावर नाहीत. त्याला मॉनिटरच हवा आणि तो दिवाळीत घ्यायचा ठरलाय. कुठे ठेवायचा यावर अजून एकमत नाही. आईचं म्हणणं, हॉलमध्ये खिडकीपाशी टेबल आहे तिथे. त्याचं म्हणणं, तिथे दिवसा काचेवर उजेड येतो. मी दुपारी तिथे लॅपटॉप ठेवून बघितलं. येतो उजेड. पडदा लावला तर चालेल, पण पडदा लावला की आईच्या कुंड्यांचं ऊन जातं.