बाणाचे टोक आणि दिव्याचा झोत

मागील हिवाळ्यात एका निकाहहून मूलमार्गे चंद्रपूरला परतत होतो. इशाची नमाज वाटेतच अदा केली होती. दोन्ही बाजूंना जंगल; रानडुक्कर वा सांबर केव्हा आडवे येईल याचा नेम नाही. याच भीतीपोटी मी गाडीला दोन जादा एलईडी दिवे बसवून घेतले होते. एका वळणावर समोरून एक सायकलस्वार आला. सायकलीला दिवा नव्हता, दांड्याला जेवणाचा डबा लटकत होता. झोत डोळ्यांवर पडताच त्याने एक हात कपाळावर धरला, सायकल डळमळली आणि तो साइडपट्टीच्या खाली गेला. तो सावरला की पडला, हे मला दिसले नाही. गाडी पुढे निघून गेली होती. मी थांबलो नाही.

त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्यासोबत आहे. मी त्याला धक्का दिला नाही, अपशब्द वापरला नाही, त्याचे वाईट चिंतिले नाही. मग मी त्याचा अपराधी आहे काय?

आधी घडते काय, ते समजून घ्यावे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर तीव्र प्रकाश पडला की तो दिपतो, आणि झोत निघून गेल्यावरही त्याला पुन्हा नीट दिसू लागण्यास काही सेकंद लागतात. वय वाढते तसा हा अवधी वाढतो. मोतीबिंदू असल्यास प्रकाश डोळ्यातच विखुरतो. जुन्या हॅलोजन दिव्याचा उजेड पिवळसर असे. आजच्या एलईडीचा पांढरा, निळसर झोत डोळ्याला अधिक बोचतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ३ सेकंदांत ५० मीटर अंतर कापते. तेवढे अंतर समोरचा मनुष्य जवळजवळ आंधळेपणाने चालतो, आणि तो आंधळेपणा आपण त्याला दिलेला असतो.

प्रकाश ही अल्लाहची देणगी आहे, यात शंका नाही. रिकाम्या जंगलरस्त्यावर लांब झोत लावणे शहाणपणाचेच आहे. परंतु वस्तू चांगली असणे आणि तिचा वापर निर्दोष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिममध्ये एक हदीस आली आहे. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्यांची टोके हाताने धरून ठेवावीत, म्हणजे कुणाला इजा होणार नाही, अशी आज्ञा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली. येथे बाण बाळगण्यास मनाई नाही. बाळगणाऱ्याचा हेतू वाईट आहे, असेही म्हटलेले नाही. तरीही टोक सांभाळण्याची जबाबदारी त्याच्यावरच टाकली आहे. डिपर देणे म्हणजे आपल्या बाणाचे टोक हातात धरणे होय.

पुष्कळ बांधव म्हणतात, "समोरचा अपर सोडत नाही, मग मीच डिपर का द्यावा?" शरीअतचे पायाभूत सूत्र असे आहे की अपाय करू नये आणि अपायाच्या बदल्यात अपायही करू नये. शिवाय या सूडाचा भोग सूड घेणाऱ्यापुरता राहत नाही. आलापल्ली–आष्टी मार्गावर सुरजागडच्या लोहखनिजाचे उंच ट्रक आणि त्यांच्यासमोर दुचाक्या चालतात. उन्हाळ्यात मोहफुले वेचण्यासाठी बायामाणसे पहाटेच्या अंधारात रस्त्याकडेने निघतात. दोन चालकांच्या हट्टात चिरडला जातो तो तिसराच.

देशाचा कायदाही हेच सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार दिव्याचा झोत खाली वळलेला असावा, समोरच्याचे डोळे दिपू नयेत. परंतु जंगलातल्या रस्त्यावर रात्री पोलीस नसतो. तेथे असतो तो आपला तकवा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अल्लाहचे हक्क चुकले तर तौबेचे दार उघडे आहे. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, मात्र ज्याचे बुडवले त्यानेच माफ करावे लागतात. शेजाऱ्याला दुखावले तर त्याचे दार ठोठावता येते. रस्त्यावरच्या त्या अनोळखी माणसाला मी कोठे शोधू? त्याने माझा चेहरा पाहिला नाही, मी त्याचा पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या वळणावर जाऊन आलो. तेथे काहीच नव्हते. माझा हेतू वाईट नव्हता हे खरे. पण माझ्या हाती असलेली सावधगिरी मी घेतली नाही आणि नंतर थांबलोही नाही. म्हणून मी स्वतःला निर्दोष म्हणू शकत नाही. ज्या अपराधाची क्षमा मागण्यासाठी माणूस पुन्हा भेटणार नाही, तो घडण्याआधीच टाळणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

मी ते जादा दिवे काढून टाकले. आपणही आपल्या गाडीचा झोत मेकॅनिककडून तपासून घ्यावा, काच स्वच्छ ठेवावी, समोर गाडी, सायकल वा पायी माणूस दिसताच डिपर द्यावा. आणि घरातील तरुण मुलांना हे सलामइतक्याच आग्रहाने शिकवावे. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, असे हदीस सांगते. कधी ती वस्तू दगड असते, कधी काटा, आणि कधी आपल्याच गाडीचा दिवा.

अल्लाह त्या अनोळखी बांधवाला सुखरूप ठेवो, आणि आमच्या प्रकाशाने कुणाची वाट अंधारी न होवो. आमीन.