सहा की पाच

लालबागला आत्याकडे गेले तेव्हा ती वाल सोलत बसली होती. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घातलेले. चिमटीत धरून दाबलं की डाळिंबी साल सोडून टुणकन बाहेर येते. मी समोर फतकल मारली आणि न विचारता पातेल्यात हात घातला.

"पन्नाशीची घोडी झालीस, वाढदिवस चार दिवसांवर आणि तोंड हे असं?" आत्या म्हणाली.

"शनिवारी जेवायला जायचंय, त्याचंच त्रांगडं झालंय. कॉलेजपासूनच्या आम्ही सहाजणी. महालक्ष्मीला जुन्या गिरणीच्या आवारात एक हॉटेल आहे, शेफ स्वतः चालवतो. मेन्यूकार्ड नाही. तो ठरवेल ते दहा पदार्थ एकामागून एक येतात. प्रत्येक वेळी टेबलाशी येऊन सांगतो, हे कुठून आणलं, कसं केलं."

"म्हणजे खानावळ."

"आत्या!"

"का? आईच्या खानावळीत कार्ड होतं? पुढ्यात येईल ते जेवायचं. ती समजावून सांगायची नाही, एवढाच फरक. बोलायची ते बांगडा मिळाला नसेल त्या दिवशी."

आजीची खानावळ मला ऐकूनच माहीत. याच चाळीत, दीड खोलीत, चौदा गिरणी कामगार पाळीप्रमाणे जेवून जायचे. पैसे पगार झाल्यावर. मधले दिवस आजी वाण्याकडून उधारीवर काढायची, आणि वाणी ऐकेनासा झाला की व्याजाने. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अशाच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ज्या गिरण्यांतली माणसं या बायकांनी पोसली, त्यातल्याच एकीच्या आवारात आता माणशी ५,५०० रुपयांचं ताट वाढतात. यावर चार वाक्यं लिहायचा मोह होतो, पण ते फार सोपं आहे. शेफची मेहनतही खरी आहे, आणि मला तिथे जायचंय हेही.

आकडा ऐकून आत्याने भुवई उचलली नाही. "स्वतः कमावतेस. जा की. अडलंय कुठे?"

"वाढदिवस कुणाचाही असो, बिल सहाजणींत सारखं. माटुंग्याच्या इडली-कॉफीपासूनचा नियम. टीटीएमएम."

"म्हणजे?"

"तुझं तू, माझं मी. आणि आमच्यातली एक काल कळवते, ॲसिडिटी झालीय, तुम्ही जेवून घ्या, मी केकच्या वेळेला येते. ॲसिडिटी कसली! नवऱ्याची नोकरी जाऊन आठ महिने झाले. तिच्या बहिणीकडून कळलं मला. तिने स्वतः अक्षर काढलेलं नाही. आणि हॉटेलला आज सहाच्या आत सांगायचंय, सहा की पाच. पैसे आगाऊ."

"जागा बदल."

"बदलली तर तिला कळणार नाही, कुणासाठी ते? बाकीच्या चौघी दोन महिने वाट बघतायत." मग खरं ते बोलून टाकलं, "मीही."

"मग सगळ्यांचं तूच दे."

"कर धरून ३४,६५० होतात. कसेबसे देईनही. पण मग पुढच्या वाढदिवसाला जिचा वाढदिवस तिने द्यायचं. आणि पुढचा वाढदिवस कुणाचा? तिचाच. मार्गशीर्षात."

आत्या हसली. "दिलदारपणाचा हप्ता तिच्या माथी."

मी मनात घोळवून ठेवलेली युक्ती बाहेर काढली. तिला सांगायचं की वाढदिवस असला की तिथे सहावं ताट फुकट असतं. पैसे मी गुपचूप भरायचे.

"आणि तू कॉलेजात नीतिशास्त्र शिकवतेस," आत्या म्हणाली.

शिकवते खरी. कान्टने १७९७ साली एक निबंध लिहिला. खुनी दारात येऊन मित्राचा ठावठिकाणा विचारत असला, तरी खोटं बोलण्याचा हक्क तुम्हाला नाही, असं त्यात म्हटलंय. दरवर्षी पोरं यावर खवळतात. हाच कान्ट दुपारी कधी एकट्याने जेवायचा नाही. पंक्तीला तिघांहून कमी नकोत आणि नवांहून जास्त नकोत, असा त्याचा दंडक. मी आत्याला सांगितलं, "त्याच्या हिशेबात आम्ही सहाजणी अगदी बसतो. खोटं तेवढं बसत नाही."

"कान्टचं राहू दे. खोटं पचेल का, ते बघ. तीस वर्षांची मैत्रीण ती. घरी जाऊन फोनवर त्या हॉटेलची माहिती काढेल. मग ॲसिडिटीचं तिचं खोटं आणि फुकट ताटाचं तुझं खोटं, दोन्ही टेबलावर. एकमेकींकडे बघत दहा पदार्थ खा."

"पण तिला वगळून पाचजणींनी जेवायचं आणि ती केकला येणार? हा तर शुद्ध पंक्तिप्रपंच."

हा शब्द आत्याच्या वर्मी लागणार हे मला ठाऊक होतं. आजीकडे मोठ्या पगाराचा जॉबर आणि बदली कामगार एका ओळीत बसत. कुणाच्या पानात तुकडी मोठी पडली तर आजी स्वतःच्या वाट्याची दुसऱ्याला वाढायची.

"पंक्तिप्रपंच पानात असतो, तसा बिलातही असतो," आत्या सावकाश म्हणाली. "सगळ्यांना सारखं वाढलं आणि सगळ्यांकडून सारखं घेतलं की न्याय झाला, असं तुम्हाला वाटतं. एकीच्या घरात ५,५०० म्हणजे शनिवारची संध्याकाळ, दुसरीच्या घरात महिन्याचा किराणा. पेपरात वाचलं मी. हॉटेलांनी सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप घालू नये असं ग्राहक प्राधिकरणाने २०२२ साली सांगितलं, दिल्लीच्या हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. द्यायचं ते खुशीने. तुमच्या सारख्या वाट्यावर कुठल्या कोर्टात जायचं तिने?"

"म्हणून तर मी भरते म्हणतेय."

"आणि ती मिंधी होणार."

मिंधेपणा. इथेच मी रात्रभर अडले होते. उद्योगपर्वात दुर्योधन जेवायला बोलावतो तेव्हा कृष्ण नाही म्हणतो. माणूस दुसऱ्याकडे जेवतो ते प्रेमापोटी, नाहीतर अडचणीत असल्यामुळे, तुझं प्रेम नाही आणि मी अडचणीत नाही, असा त्याचा जबाब. मी म्हटलं, "हिच्याकडे तर दोन्ही आहे. प्रेमही, अडचणही. दोन कारणं असताना नाही म्हणते."

"कृष्णाला नाही म्हणायची ऐट परवडत होती गं. उठून विदुराकडे गेला. हिने कुठे जायचं?" हातातली साल तिने बाजूला टाकली. "ब्याऐंशीच्या संपाचं तुला सांगितलंय का कधी? तो वेंगुर्ल्याकडचा?"

नव्हतं सांगितलं.

"जानेवारीत संप लागला. अडीच लाख माणूस घरी. पहिले दोन महिने आईने वहीत लिहून सगळ्यांना वाढलं. वेंगुर्ल्याचा एक होता, मानी. जेवून उठला की स्वतः वही मागून घ्यायचा, बघायचा लिहिलंय की नाही. एप्रिलात आईलाच त्याची दया आली. म्हणाली, बाबा, तुझं राहू दे आता, तुझं मी लिहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही."

"गावाला गेला?"

"छे. समोरच्या गाळ्यात होता. दिसायचा. चणे खाऊन राहायचा म्हणे. आई शेवटपर्यंत म्हणायची, मी त्याला जेवायला नको म्हटलं नव्हतं, मी फक्त वही मिटली. पण त्याला उधारी हवी होती, माफी नको होती. वहीत नाव होतं तोवर तो गिऱ्हाईक होता."

थोडा वेळ नुसता वालांचा आवाज. मग मला वाट सापडल्यासारखं वाटलं. "म्हणजे तिला सरळ सांगायचं. मला माहीत आहे, आत्ता मी भरते, तुझ्या नावावर लिहून ठेवते, होतील तेव्हा दे."

"हं."

"हं काय? तूच तर सांगितलंस."

"मी गोष्ट सांगितली. ती भुकेची उधारी होती. पोटात अन्न जायचं, उद्या गिरणी सुरू झाली की फिटायची. तू तिला काय देणार उधार? बशीभर फेस आणि वर एक पान. आठ महिने पगार नाही, आणि तिने मैत्रिणीच्या वाढदिवसाचं देणं डोक्यावर घ्यायचं? आईने वहीत कधी चैन लिहिली नाही."

मला राग आला. स्वतःच रचलेली भिंत पाडायची आत्याला सवयच आहे. "मग काय, गरिबाने चैनीच्या पंक्तीला बसूच नये? आठ महिने तिने डाळ-तांदळाचेच हिशेब केलेत. एक संध्याकाळ कुणी तिच्यापुढे काहीतरी देखणं ठेवलं, हे कसं केलं ते अदबीने सांगितलं, तर त्याची भूक नसते माणसाला? ती भूक तुझ्या वहीत बसत नाही म्हणून खोटी?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. "हे मात्र खरं," ती म्हणाली. "त्या वेंगुर्ल्याच्या माणसाला दशावताराचं भारी वेड होतं. संपात त्याला कुणी खेळाला नेलं असतं तर गेला असता की नाही, कुणास ठाऊक. आम्ही जेवणाचंच बघत बसलो."

फोन वाजला. हॉटेलचा. बाई फार गोड बोलत होत्या. मॅडम, शनिवारचं कन्फर्म करायचंय, सहा ठेवू की पाच? कुणाला कशाची ॲलर्जी? उपास?

मी पातेल्यातल्या सोललेल्या वालांकडे पाहिलं. "सहा," मी म्हटलं. "ॲलर्जी कुणाला नाही." ओल्याच हाताने सगळे पैसे भरून टाकले. सुटल्यासारखं वाटलं.

आत्या उरलेले वाल चाळवत होती. मान वर न करता म्हणाली, "तिला विचारलंस?"