वळण आणि उतार

मराठीत 'वळण' हा मोठा सोयीचा शब्द आहे. रस्त्याला वळण असते, अक्षराला वळण असते, आणि मुलाला ते लावावे लागते. पूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या बायका एखाद्या मुलीविषयी 'वळणाची आहे हो!' एवढेच म्हणत आणि तेवढ्यात तिच्या चालण्याबोलण्याचा, कामाचा नि स्वभावाचा सारा हिशेब येऊन जाई. पण हा शब्द उच्चारताना एक गोष्ट आपल्या ध्यानात राहत नाही. वळण लागायला आधी गती असावी लागते. जे जागचे हलतच नाही त्याला वळण कुठले? असे असूनही आपण ज्याला वळण लावणे म्हणतो ते बहुधा अडवणेच असते. इकडे जाऊ नकोस, ते करू नकोस, मोठ्याने हसू नकोस, खाली बस. अडवणे आणि वळवणे यांत काही मूलभूत अंतर आहे काय, आणि असल्यास ते कोणते, हा प्रश्न शाळामास्तराच्या डोक्यात वर्षानुवर्षे घोळत असतो. माझ्या बाबतीत त्यावर थोडाफार उजेड पडला तो एका बर्फाळ टेकडीवर. हे ऐकायला चमत्कारिक वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझी भाची नोकरीनिमित्त अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात असते. एका हिवाळ्यात तिच्याकडे काही दिवस राहण्याचा योग आला. तिथे वुडस्टॉक नावाच्या गावाजवळ एक टेकडी आहे. आल्प्स किंवा रॉकी पर्वतातील प्रख्यात ठिकाणांच्या यादीत तिचे नाव सापडायचे नाही. पायथ्यापासून माथ्यापर्यंत तिची उंची सुमारे ६५० फूट. आपल्याकडे सिंहगड चढणाऱ्याला ती अर्धीही चढण वाटणार नाही. पण या लहानशा मुलखाला इतिहास मोठा आहे. १९३४ साली इथल्याच एका शेताच्या उतारावर फोर्डच्या जुन्या मॉडेल टी मोटारीचे इंजिन लावून एक लांबलचक दोर फिरवण्यात आला. तो धरायचा आणि बर्फावरून वर ओढले जायचे. अमेरिकेतली ही अशी पहिली दोरी समजली जाते. पुढे १९३६ साली वॉलेस बर्ट्रम या गृहस्थाने शेजारच्या टेकडीवर स्कीइंगचा मार्ग सुरू केला. नकाशावर तिचा क्रमांक होता सहा. हिच्यावरून खाली येणे म्हणजे जीव देणेच, असे तो गमतीने म्हणाला आणि टेकडीला 'सुइसाइड सिक्स' हेच नाव पडले. ते जवळजवळ नव्वद वर्षे चालले. आत्मघाताच्या दुःखाची अशी थट्टा बरी नव्हे, या विचाराने २०२२ साली मालकांनी ते बदलले, आणि तिथल्या मूळच्या अबेनाकी लोकांच्या भाषेतील 'उभा डोंगर' या अर्थाच्या शब्दावरून 'सॅस्काडेना सिक्स' असे नवे नाव ठेवले.

या टेकडीवर लोक दोन प्रकारांनी उतरतात. काही जण दोन पायांना दोन लांब पट्ट्या बांधून, ते स्कीइंग. काही जण दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर आडवे बांधून, ते स्नोबोर्डिंग. ही फळी तशी अलीकडची. १९६५ च्या नाताळात मिशिगन राज्यातील मस्कीगन या गावी शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडल्या. दिवाळीत आपल्याकडचा बाप मुलांबरोबर अंगणात किल्ला करायला बसतो, त्यातलाच हा घरगुती प्रकार. बर्फ आणि लाटांवरचा खेळ या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांची सांगड घालून त्याच्या बायकोने त्या खेळण्याला 'स्नर्फर' असे नाव दिले. त्याच्या टोकाला हातात धरायची एक दोरी असे. पाय बांधण्याची सोय नव्हती आणि कडांना धारही नव्हती. १९७७ पासून जेक बर्टन कार्पेंटर हा तरुण व्हर्माँटमध्येच अशा फळ्या करून विकू लागला. १९८२ साली या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा भरली ती मी म्हणतो त्याच टेकडीवर. पॉपेन आणि बर्टन दोघेही २०१९ साली वारले. तोवर घरातले ते खेळणे ऑलिंपिकपर्यंत जाऊन पोहोचले होते.

मी पायथ्याशी गरम कॉफीचा पेला हातात धरून उभा होतो. भाची म्हणाली, "मामा, माणसांकडे बघू नकोस. त्यांच्या मागे उमटलेल्या रेघांकडे बघ."

मी पाहू लागलो. बहुतेकांच्या मागे बर्फावर रुंद, खरवडल्यासारखे पट्टे उमटत होते. ओल्या भिंतीवरून कुणी थापी आडवी ओढावी तसे. पण एक साठीच्या घरातला मनुष्य उतरत होता त्याच्या मागे मात्र सुरीने काढावी तशी एकच बारीक रेघ राहत होती. डावीकडे एक कमान, उजवीकडे एक कमान, कुठे तुटलेली नाही, कुठे पसरलेली नाही. या प्रकाराला तिकडे 'कार्व्हिंग' म्हणतात, म्हणजे कोरणे. तो गृहस्थ टेकडी उतरत होता म्हणण्यापेक्षा ती कोरत होता म्हणणेच योग्य.

यातले शास्त्र अवघड नाही. फळी कमरेला किंचित निमुळती आणि दोन्ही टोकांना रुंद असते. तिच्या दोन्ही कडांना पोलादी धार असते. फळी सपाट टेकली की ती नुसती घसरते. पण पायाच्या बोटांच्या किंवा टाचेच्या बाजूने तिला कलती करून अंगाचा भार दिला की ती धनुष्यासारखी वाकते, आणि धार बर्फात रुतून त्याच कमानीवरून चालू लागते. जितके अधिक कलावे तितके वळण आखूड होते. सपाटीपासून साठ अंशांपर्यंत कलती केली की फळीच्या मूळच्या गोलाईच्या साधारण निम्म्या त्रिज्येत ती वळते. घसरते वळण याच्या अगदी उलटे. तिथे फळी वाटेला आडवी फिरवायची आणि तिच्या पोटाने बर्फ खरवडत वेग मारायचा. दोन्हीकडे माणूस वळलेला दिसतो. पण घसरत्या वळणात वेग खर्ची पडतो, आणि कोरीव वळणात तो बराचसा शाबूत राहून त्याची फक्त दिशा बदलते.

संयम या शब्दाचा अर्थ मला तिथे नव्याने कळला. संयम म्हणजे वेग मारणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत. रागीट माणसाने राग गिळला, हौशी माणसाने हौस सोडली, की आपण त्याला संयमी म्हणतो. पण गिळलेला राग काही करत नाही आणि सोडलेली हौस कुठे पोहोचत नाही. तोच राग अन्यायाविरुद्ध चार शब्द ठामपणे बोलण्याच्या कामी आला, तीच हौस रोजच्या मेहनतीला जुंपली गेली, तर वेग तोच राहतो आणि माणूस मात्र खड्ड्यात जात नाही. हा संयम पहिल्यापेक्षा कठीण, कारण यात उताराला नकार देता येत नाही.

आणि इथेच भीतीचा प्रश्न येतो. नवशिक्या माणसाला उतार दिसला की तो अंग मागे टाकतो. हे स्वाभाविक आहे. दरीपासून दूर सरावे असे शरीरालाच वाटते. पण अंग मागे गेले की फळीच्या पुढच्या टोकावरचा भार उडतो, तिथली धार बर्फ सोडते, फळी वळेनाशी होते आणि ज्या वेगाला तो भ्याला तोच वेग त्याला घेऊन पळतो. वळायचे असेल तर भीती वाटत असतानाच भार पुढच्या पायावर द्यावा लागतो, आणि वळणाच्या आत झुकावे लागते. सायकल शिकताना आपण सर्वांनी हेच केलेले आहे. झुकल्यावर पडू असे वाटते. परंतु गती असेल तर तीच आपल्याला सावरून धरते. उभ्या सायकलीवर झुकणारा मात्र पडतोच.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. ढोलकीचा त्याला विलक्षण नाद. बाकावर, डब्यावर, दप्तरावर त्याची बोटे चालूच असत. गुण थोडे घसरले तेव्हा वडिलांनी ढोलकी घरातून नाहीशी केली, तमाशा-जत्रा बंद केल्या आणि संध्याकाळच्या दोन शिकवण्या लावल्या. मुलगा आज्ञाधारक होता. त्याने बंड केले नाही. बोटे थांबली. वडील समाधानाने मला म्हणाले, "गुरुजी, पोरगं वळणावर आलं!" पण अभ्यासातही तो पुढे गेला नाही. पास होई, इतकेच. पुढे तो कुठेसा नोकरीला लागला. भेटला की नमस्कार करतो, सभ्य हसतो. काय आवडते म्हणून विचारले तर त्याला सांगता येत नाही. त्या टेकडीवर मी काही मंडळी पाहिली, ती सबंध उतार फळी आडवी धरून इंचाइंचाने खरवडत खाली येत होती. पडत नव्हती, कुणाला धडकत नव्हती. सुखरूप पायथ्याशी पोहोचत होती. पण त्यांच्या मागच्या बर्फावर वाचता येईल अशी एकही रेघ नव्हती. मला त्या मुलाची आठवण झाली.

यावर कुणी म्हणेल, मग काय मुलांना मोकाट सोडायचे? तर नाही. त्याच टेकडीवर काही पोरे फळी नाकासमोर सोडून सरळ खाली येत होती. त्यांचीही रेघ बारीकच होती. पण तिला वळण नव्हते. समोर कुणी आले असते तर त्यांना काही करता आले नसते. शिवाय घसरते वळण तुच्छ आहे असेही नव्हे. तिथे नवख्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते आडवे होऊन थांबणेच. ज्याला थांबता येत नाही त्याने कोरायला जाऊ नये. आणि थांबता येणाऱ्यालाही एक नियम बांधलेला आहे: उतारावर जो आपल्या पुढे, खालच्या बाजूला आहे, त्याचा वाटेवर पहिला हक्क. कोरणाऱ्याची कमान उताराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते, आणि टाचेच्या धारेवर वळताना त्याची पाठ उताराच्या बऱ्याचशा भागाकडे असते. म्हणून प्रत्येक वळणाआधी त्याला खांद्यावरून मागे पाहावे लागते. तो साठीचा गृहस्थ दर वेळी तसे पाहत होता. एकदा मध्येच एक लहान मुलगी पडली, तेव्हा त्याने आपली सुंदर कमान अर्ध्यावर मोडली, खरखरीत पट्टा उमटवत फळी आडवी केली आणि तिला हात दिला. त्या दिवशीच्या त्याच्या साऱ्या रेघांत ती मोडलेली रेघ मला सर्वांत चांगल्या वळणाची वाटली.

समाजही व्यक्तीसारखाच अडवणे आणि वळवणे यांत गल्लत करतो. स्नोबोर्ड नवा होता तेव्हा बहुतेक टेकड्यांवर त्याला मज्जाव होता. पोरे उद्धट आहेत, बर्फ खरवडून टाकतात, जुन्या लोकांच्या अंगावर येतात, अशा तक्रारी होत्या, आणि त्या सगळ्याच खोट्या नसाव्यात. १९८३ साली व्हर्माँटमधल्याच स्ट्रॅटन या मोठ्या ठिकाणाने दार उघडले, आणि मग हळूहळू इतरांनीही. उतार मिळाला, शिकवणारे मिळाले, तेव्हाच त्या पोरांना वळण लागू शकले. अमेरिकेत तीन नावाजलेल्या ठिकाणी अजून बंदी आहे. त्यांपैकी युटा राज्यातील आल्टा हे बऱ्याच अंशी सरकारी वनजमिनीवर आहे, म्हणून २०१४ साली चौघे स्नोबोर्डवाले न्यायालयात गेले. २०१६ साली अपिलातही ते हरले. कायद्याने तसे ठरले असेल. पण त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये, एस्टेर लेडेत्स्का या चेक मुलीने आधी स्कीइंगच्या एका शर्यतीत एक शतांश सेकंदाने सुवर्णपदक मिळवले, आणि त्याच आठवड्याभरात स्नोबोर्डच्या शर्यतीतही. एकाच माणसाचे पाय दोन्ही वळणे शिकू शकतात, तर एका टेकडीवर दोघे का नांदू नयेत?

मुलांना अडवणे सोपे असते, आणि वेळप्रसंगी आवश्यकही असते. पण त्यात आपण सुरक्षित अंतरावर उभे असतो. वळण लावायचे म्हणजे मुलाच्या आवडीचा उतार मान्य करावा लागतो, तो किती तीव्र आहे हे स्वतः जाऊन पाहावे लागते, आणि त्याने पुढच्या पायावर भार टाकला की आपल्या पोटात गोळा येतो तो सहन करावा लागतो. ढोलकी काढून घ्यायला एक दुपार पुरते. तीच ढोलकी घरात ठेवून रियाजाची वेळ ठरवायला, अभ्यासाची वेळ पाळायला लावायला आणि दोन्हीकडे लक्ष ठेवायला वर्षे लागतात. आईबाप आणि मास्तर दमलेले असतात; म्हणून दुपारचा उपाय निवडला जातो, आणि त्यालाच प्रेम म्हटले जाते. ते प्रेम नसते असे मी म्हणणार नाही. पण त्यात आपल्या भीतीचा वाटा किती, हे दर वेळी तपासून पाहायला हवे.

संध्याकाळी टेकडी बंद झाली की एक यंत्र वरपासून खालपर्यंत फिरते आणि सारा बर्फ पुन्हा सपाट करते. दिवसभराच्या रेघा पुसल्या जातात. कोरलेल्याही आणि खरवडलेल्याही. मी भाचीला म्हटले, "एवढी मेहनत करून मागे काहीच राहत नाही की!"

ती म्हणाली, "बर्फावर नाही राहत, मामा. गुडघ्यांत राहते."