सव्वादोनची भरती

या. इथे थोडी जागा आहे.

मुंबई. गेटवे ऑफ इंडियाजवळचा धक्का. सकाळचे आठ वाजताहेत. पौषातलं ऊन अजून कोवळं आहे.

शेजारी एक जोडपं बसलंय. काल दुपारी गोंदियाला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलेलं, आज सकाळी उतरलेलं. पायाशी एक पिशवी. पिशवीत डबा. डब्यात लाखोळीच्या डाळीचे वडे.

धान विकून झालंय. म्हणून दोघं मुंबई पाहायला आलीत.

आपण त्यांच्याजवळ बसू. काही विचारायचं नाही.

एक श्वास घ्या.

खारा वास येईल. थोडा डिझेलचा, थोडा मासळीचा. येऊ द्या. सावकाश सोडा.

मागे ती मोठी कमान आहे. पिवळसर दगडाची, १९२४ साली खुली झालेली. २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण तिच्याखालून गेली. लोक तिच्यासमोर फोटो काढताहेत. काढू द्या.

आपण तिच्याकडे पाठ करून बसू.

समोर पायऱ्या पाण्यात उतरताहेत. वरच्या कोरड्या. मधल्या ओल्या. खालच्या हिरव्या.

सगळ्यांत खालची पायरी पाहा. तिचा एक कोपरा उडालेला आहे. कडेला कालवं चिकटलेली आहेत. तिच्यावर बोटभर पाणी येतं, आणि जातं.

तिथेच राहा.

येतं.

जातं.

बाईही तिथेच पाहताहेत. त्यांच्या गावच्या तलावाला अशीच एक पायरी आहे, धुण्याची. गोंदियाकडे गावोगाव जुने मालगुजारी तलाव आहेत, कोहळी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले. नवेगावबांध त्यातला मोठा. श्रावणात पाणी पाळीला टेकतं. मग ते बांध्यांत जातं, धानाला जातं, थोडं उन्हात उडून जातं. वैशाखात एके दिवशी ती खालची पायरी वर येते. वर्षातून एकदाच. पाणी उतरताना कुणाला दिसत नाही.

इथे दिसतं.

पाहा, आता पाणी थांबलंय. ओहोटी संपली आहे, भरती लागलेली नाही. एक लाँच दोराला बांधलेली आहे. दोर ढिला आहे.

तुमचा श्वासही असाच थांबतो. बाहेर गेल्यावर, आत येण्याआधी. क्षणभर. ती जागा बघा.

पुन्हा एकदा.

"पायरी पाहा ना जी," बाई म्हणतात.

"काय होय तिथं?"

"पाहा तर."

ते पाहतात. काही नाही. दगड आहे, पाणी आहे. तरी पाहत राहतात. आषाढात रोवणी, मग निंदण, कापणी, चुरणी. एका जागी बसून दोघांनी एकच गोष्ट कधी पाहिली होती?

हे मी विचारलं. त्यांनी नाही. सोडून द्या.

लाँचवरचा पोऱ्या दोर आवळताना सांगतो, भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. आज वद्य तृतीया. तीनची पाऊणपट सव्वादोन. दुपारी सव्वादोनला भरती पूर्ण. उद्या चतुर्थी, म्हणजे तीन वाजता.

काका बोटांवर मोजून बघतात. बरोबर येतं. मान डोलावतात.

नऊच्या लाँचनं दोघं घारापुरीला जातात. तासाभराचा प्रवास. तिथे लेण्यात तीन मुखांचा महादेव आहे, माणसाच्या तिपटीहून उंच. मधल्या मुखाचे डोळे मिटलेले. बाई त्याच्यापुढे बराच वेळ उभ्या राहतात. आपण त्यांच्यामागे जाणार नाही.

आपण इथेच बसू.

पायरीवर आता टाचभर पाणी आहे.

आता घोटाभर.

उडालेला कोपरा डोळ्यांना लागत नाही. हिरवा रंग आधी गडद होतो, मग मातकट. आता तिथे नुसतं पाणी आहे. पण तुमची नजर तिथेच जाते. जाऊ द्या.

वरची एक पायरी गेली. मग तिच्या वरची.

घाई नाही. समुद्रालाही नाही.

खांदे सैल सोडा. हात मांडीवर. कावळे ओरडताहेत, भोंगा वाजतोय, कुणी चणे विकतंय. सगळं ऐकू येऊ द्या. त्यातून एक आवाज निवडा. पाणी दगडाला लागतं, तो.

लप्.

लप्.

दुपारी दोघं परत येतात. पाय धुळीनं भरलेले. लाँच आता धक्क्याच्या बरोबरीला आली आहे, सकाळी किती खाली होती. काका हात पुढे करतात. बाई तो धरतात, उतरतात. हात लगेच सुटत नाही.

तीच जागा. दोघं बसतात.

"कुठं गेली वं तुही पायरी?"

बाई बोटानं दाखवतात. बरोबर तिथे. पाण्याखाली.

डबा उघडतो. वडे थंड झालेत. दोघं खातात, बोलत नाहीत.

संध्याकाळी परतीची गाडी आहे. अजून वेळ आहे.

"सव्वादोन झाले काय जी?"

काका घड्याळ पाहत नाहीत. दोराकडे पाहतात. दोर ढिला आहे.

पाणी थांबलंय.

बसा अजून थोडं.