लढाईला नाही म्हणणाऱ्याचा हेतू

व्हिएतनामच्या लढाईविरुद्ध मोर्चे काढणारे तरुण खरोखर शांततेसाठी झटत होते, की आपला जीव वाचवीत होते? मॅसेच्युसेट्समधील आमच्या श्रूजबरी गावी चार वडीलधारी मंडळी बसली की हा वाद अजून निघतो. वाद जुना असला तरी तो आपल्या घरचा आहे. अमेरिकेतील सक्तीची भरती १९७३ साली थांबली. पण १८ वर्षांच्या मुलांची नावनोंदणी १९८० पासून पुन्हा सुरू झाली, आणि येथे स्थायिक झालेल्या परदेशी कुटुंबांच्या मुलांनाही ती चुकत नाही. इस्राएलात तर आपल्या भावाबहिणींच्या मुलामुलींना सैन्यात जावेच लागते. सामाजी हसाजी दिवेकरांच्या काळापासून आपला समाज मुंबईच्या पलटणीत नोकरी करीत आला, परंतु ती स्वखुशीची होती. सक्ती आपल्याला नवी आहे.

मोर्चेवाल्यांना नावे ठेवणारे म्हणतात, १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून भरतीचा क्रम लावला गेला. ज्याची तारीख शेवटी निघाली तो निर्धास्त झाला. भरती बंद पडली आणि मोर्चेही ओसरले. यात तथ्य आहे. मात्र १९७३ मध्येच अमेरिकेचे सैन्यही परत आले, हे विसरून चालणार नाही.

शिवाय १९७१ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला आपली पदके फेकून देणारे लोक लढाईतून परतलेले सैनिक होते. त्यांना कसली भरती चुकवायची होती? रब्बी अब्राहाम जोशुआ हेशेल यांचा जन्म १९०७ चा. त्यांना एकच अपत्य, तीही मुलगी. तरीही ते या लढाईविरुद्ध उभे राहिले.

आता भिणाऱ्याचे काय? तोराच्या पाचव्या पुस्तकात, २० व्या अध्यायात, लढाईपूर्वी कोणी घरी परतावे हे सांगितले आहे: नवे घर बांधलेला, द्राक्षमळा लावलेला, वाङ्‌निश्चय झालेला, आणि ज्याच्या मनात भीती आहे तो. मिश्नात रब्बी योसे गालीली याचे मर्म उलगडतात. त्यांच्या मते हा भिणारा म्हणजे आपल्या पापांची भीती बाळगणारा. घर, मळा व वधू ही कारणे त्याच्या जोडीला ठेवली, ती त्याला त्यांच्या आडोशाने परतता यावे म्हणून. आपल्या शास्त्राने भिणाऱ्याची लाज राखली. मात्र घर, मळा किंवा वाङ्‌निश्चयामुळे परतणाऱ्यांनी सैन्याला अन्नपाणी पुरवावे, रस्ते दुरुस्त करावेत, असेही तेथेच सांगितले आहे. आणि लढाई अटळ कर्तव्याची असेल तर नवरदेवालाही सूट नाही.

यावरून आम्हांला असे वाटते की भीती हा गुन्हा नव्हे. हेतूवरून माणूस कळेल. लढाई न्यायाची की अन्यायाची, हे त्यावरून कळणार नाही. भित्र्याचे म्हणणे खरे असू शकते, शूराचे खोटे असू शकते. आणि हेतू तपासायचाच झाला, तर लढाईचा जयघोष करणाऱ्यांचाही तपासावा. त्या काळी कॉलेजात शिकणाऱ्यांना सवलत मिळे, म्हणून गरिबाचा मुलगा आधी जाई. आपला मुलगा कॉलेजात सुरक्षित ठेवून दुसऱ्याच्या मुलाला रणांगणावर धाडणे, हे ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे’ यातलेच झाले.

खरी कसोटी आपल्या घरावरचे संकट टळल्यावर लागते. जी लढाई आपल्या मुलासाठी अन्यायाची होती, ती शेजाऱ्याच्या मुलासाठीही तशीच वाटते काय? वाटत असेल, तर आरंभी भीतीने बोललेला माणूसही प्रामाणिक ठरतो. वाटत नसेल, तर त्याने फक्त स्वतःची सुटका मागितली होती.

आपली मुले उद्या हो म्हणोत वा नाही म्हणोत, त्यांना भित्रे किंवा देशद्रोही म्हणण्याची घाई आपण करू नये. त्यांना एवढेच विचारावे: तू गेला नाहीस तर तुझ्या जागी कोण जाईल, आणि त्याच्यासाठी तू काय करशील?