रजेवर गेलेल्या वस्तू

ज्येष्ठा गौरींचे मुखवटे आमच्याकडे पत्र्याच्या ट्रंकेत, आईच्या जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेले असतात. वर्षातले तीन दिवस ते बाहेर येतात. आवाहनाच्या दिवशी लुगड्याची घडी उलगडू लागली की माणसं हातातलं काम टाकून वाकून बघतात. पितळेचे साधे मुखवटे. पिढ्यान्‌पिढ्या पुसून नाकाचा शेंडा गुळगुळीत झालेला. पण ‘यंदा जरा नव्या डिझाइनचे घेऊ या’ असं आजवर कुणी म्हटल्याचं आठवत नाही. त्याच घरात टीव्ही पाचदा बदलला, सोफा तीनदा, आणि फोनचं तर विचारूच नका. (आमच्याकडे कोकणस्थांसारख्या खड्यांच्या गौरी असत्या, तर हा लेख झालाच नसता.)

हा श्रद्धेचा महिमा, असं म्हणून विषय मिटवता येईल. पण मग चकलीच्या सोऱ्याचं काय? त्याला कुणी हात जोडत नाही. तरी अश्विनात तो माळ्यावरून उतरला की जुना पाहुणा आल्यासारखं वाटतं.

फिलिप ब्रिकमन आणि डोनाल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली एक गोष्ट मांडली होती. माणूस सुखाला सरावतो. मग तेवढंच समाधान मिळायला आणखी काहीतरी लागतं. ट्रेडमिलवर चालत राहावं आणि जागचं हलू नये, तसं. हे आपल्याला कुठल्याही कीर्तनकाराने सांगितलं असतं. मला जास्त कामाचा वाटतो तो लेफ नेल्सन आणि टॉम मेविस यांचा २००८चा अभ्यास. मसाज चालू असताना मध्येच थोडा वेळ थांबवला, तर माणसांना तो सलग मसाजापेक्षा जास्त सुखाचा वाटला. गंमत म्हणजे, आधी विचारलं तर लोक सलगच मागतात! आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या कटकटीच्या आवाजात खंड पाडला, तर तो आवाज उलट जास्त छळतो. खंड पडला की सरावणं मोडतं, इतकंच. सुख असो की कटकट.

मुखवटे आणि सोऱ्या यांच्यात समान आहे तो हा खंड. आपल्या जुन्या घरांत वस्तूंना रजा होती आणि ती पंचांग मंजूर करत असे. पैठणी लग्नकार्याला, मोठं पातेलं श्रावणातल्या सवाष्णींना, चांदीचं ताट जावई आला तर. यात शहाणपण होतं असा दावा मी करणार नाही. मुळात वस्तूच कमी होत्या, म्हणून जपून वापरल्या जात. पण त्या टंचाईतून नकळत एक व्यवस्था उभी राहिली, जिच्यात जुनी वस्तू दरवर्षी नव्याने भेटायची. खंडेनवमी हा तर मला त्यातला सगळ्यात सुंदर दिवस वाटतो. शिवणयंत्र पुसायचं, स्कूटर धुवायची, पक्कड-हातोडी पाटावर मांडून त्यांवर झेंडू वाहायचा. वर्षभर ज्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, त्यांच्याकडे एक दिवस नीट बघायचं. आता त्याच्या दुसऱ्या दिवशी आपण मुहूर्तावर नवी गाडी आणतो आणि हार तिच्या गळ्यात पडतो. साडेतीन मुहूर्तांपैकी एकही असा उरला नाही की ज्याच्या आधी जाहिरातींनी वर्तमानपत्र फुगत नाही. ‘हे बाहेर काढा’ सांगणारं पंचांग आता ‘हे घरात आणा’ असं सांगू लागलं आहे.

इथे मला स्वतःलाच अडवलं पाहिजे. जुन्या भांड्यांवर हळवं होणाऱ्या पुरुषांनी ती घासलेली नसतात. कल्हईवाला दारात भाता मांडायचा, तापल्या पातेल्यात नवसागर टाकून कथलाचा हात फिरवायचा, पांढरा धूर उठायचा आणि काळवंडलेलं पितळ आतून चांदीसारखं व्हायचं. आम्हा पोरांना ती जादू वाटे. ती भांडी एरवी चिंच-राखेने घासणाऱ्या आईला मात्र जादू वाटली ती स्टेनलेस स्टीलची. पितळ मोडीत देऊन तिने स्टीलचे डबे घेतले तेव्हा तिला कसलीही खंत नव्हती आणि मला ती तिच्या वतीने वाटून घेण्याचा अधिकार नाही. काही नव्या वस्तू खरोखरच सुटका करतात. उरलेल्या बहुतेक नुसतीच जागा अडवतात.

गेल्या वर्षी मी घरातल्या काही वस्तूंना मुद्दाम रजा दिली. निम्मे शर्ट, दोन कपबशांचे सेट, भिंतीवरची दोन चित्रं, कॅसेट प्लेअर, सगळं खोक्यांत भरलं आणि सहा महिने उघडलं नाही. चित्रं परत लावली तेव्हा त्यांतल्या एकात कोपऱ्यात एक मांजर आहे हे मला पहिल्यांदा कळलं. चित्र अकरा वर्षं माझ्या समोर होतं. शर्टांच्या बाबतीत प्रयोग निम्मा फसला. काहींची आठवणच झाली नव्हती, ते देऊन टाकले. रजेवर पाठवलेली व्यायामाची सायकल परत आल्यावरही तितकीच कंटाळवाणी निघाली. कपाटात मागच्या वर्षीचे चार दिवाळी अंक निघाले, त्यांतल्या दोहोंची पानंही उलटलेली नव्हती. १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढणाऱ्या काशिनाथ रघुनाथ मित्रांना ही सोय ठाऊक असेल का, की अंक वर्षभर तसाच मुरू दिला तरी चालतो?

यंदा बटण दाबलं की चकल्या पाडणारं यंत्र मागवायचं ठरत होतं. त्याआधी माळा आवरताना सोऱ्या हाताला लागला. पितळी, फिरवायच्या दांड्याचा, आत शेवेची चकती अजून अडकलेली. बाहेरून ठिपक्या-ठिपक्यांनी मावशीची आद्याक्षरं घातलेली, खाली १९६८. भाजणीची उकड भरली, दांडा फिरवला. पहिल्या दोन चकल्या तुटल्या. बायको म्हणाली, “मोहन कमी पडलंय, सोऱ्याचा दोष नाही.” तिसरी नीट वळली. यंत्राची ऑर्डर कार्टमध्ये तशीच पडून आहे.