काटकसर कोणाच्या खर्चाने?

काटकसर हा सद्गुण आहे, याविषयी आपल्या घरांत सहसा दुमत नसते. मुलूख सोडून इकडे स्थायिक झालेल्या आपल्या पूर्वजांनी बेताच्या मिळकतीत संसार उभे केले, मुले शिकवली आणि उरल्यासुरल्यातून वाचनालयाची वर्गणीही भरली. परंतु हाच गुण आपण दुसऱ्याच्या दारी घेऊन जातो, तेव्हा तो तितकाच निर्मळ राहतो काय? निवृत्तिवेतनावर जगणारी अनेक जोडपी हल्ली आठ दिवसांच्या धावत्या सहलीपेक्षा एखाद्या ठिकाणी महिनाभर बेताच्या खर्चात राहणे पसंत करतात. आम्ही उभयतांनीही अंदमानच्या बेटांवर असा दीर्घ मुक्काम केला, आणि तेथे या प्रश्नाचा विचार करणे आम्हांस भाग पडले.

अंदमान म्हटले की मराठी मनास प्रथम सेल्युलर जेल आठवते. १९११ ते १९२१ या काळात सावरकरांनी जेथे कारावास भोगला, ती वास्तू पाहून बहुतेक प्रवासी पुढच्या बोटीने स्वराजद्वीप आणि शहीदद्वीप या बेटांकडे निघतात. २०१८ पर्यंत त्यांची नावे हॅवलॉक आणि नील अशी होती. राजधानी पोर्ट ब्लेअरचेही २०२४ मध्ये श्री विजय पुरम झाले. २०११ च्या जनगणनेत स्वराजद्वीपाची वस्ती सुमारे ६ हजार आणि शहीदद्वीपाची सुमारे ३ हजार होती. यांतील पुष्कळ कुटुंबे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. त्यांनी जंगल साफ करून भात, नारळ, सुपारी आणि भाजीपाला पिकवला. परमुलखात घर बांधणे म्हणजे काय, हे आपणांस निराळे सांगावयास नको.

या बेटांवर स्वस्त असे फारसे काही असण्याचे कारणच नाही. राजधानीपासून चेन्नई किंवा कोलकाता सुमारे १,२०० किलोमीटर दूर. सिमेंट, डिझेल, औषधे, कितीतरी वाणसामान जहाजाने येते. वीज मुख्यत्वे डिझेल जाळून निर्माण होते. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो खरा. परंतु जानेवारी ते एप्रिल हे महिने कोरडे, आणि प्रवाशांची गर्दी नेमकी त्याच दिवसांत. तरीही एखादी खोली आपणांस फार थोडक्या पैशांत मिळत असेल, तर उरलेला खर्च कोणीतरी सोसत असतो. तो घरमालक असेल, खोली झाडणारी बाई असेल किंवा त्याच विहिरीवर पाणी भरणारा शेजारी असेल.

तेथे आमची एका प्रवासी दांपत्याशी ओळख झाली. मनुष्ये सुशील, सुशिक्षित. महिनाभराचा खर्च त्यांनी किती खाली आणला होता, याचा हिशेब त्यांच्या वहीत पैशापैशाने मांडलेला होता. शहाळे विकणाऱ्या एका वृद्धेशी दहा रुपयांसाठी घासाघीस करून ते विजयी मुद्रेने परतले, तेव्हा आमच्या सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "तिला नको होते तर तिने दिले नसते, हे खरे, पण आपल्याला नको असते तर आपण उद्या बोटीने निघून जाऊ शकतो. तिला कुठे जायचे?"

बाजारातील घासाघीस आपणांस नवी नाही, आणि दोन्ही पक्ष बरोबरीचे असतील तर तीत गैरही काही नाही. परंतु बरोबरी केवळ पैशाने ठरत नसते. एकाच्या खिशात परतीचे तिकीट आहे आणि दुसऱ्याचे सारे आयुष्य त्या किनाऱ्याला बांधलेले आहे. समुद्र खवळला की बोटी बंद होतात, गिऱ्हाईक येत नाही आणि भाजी कुजते. अशा माणसाने दिलेली संमती ही पूर्ण संमती मानावी काय? आमच्या मते मानू नये.

यावर कोणी म्हणेल, मग प्रवास श्रीमंतांनीच करावा काय? सामान्य माणसाला समुद्र पाहण्याचा अधिकार नाही? अवश्य आहे. किंबहुना काटकसरीने राहणारा पाहुणा बेटाला अनेकदा कमी भार होतो. वातानुकूलित खोलीऐवजी पंख्याची खोली घेतली की डिझेल कमी जळते. बादलीभर पाण्यात स्नान केले की विहीर टिकते. बेटावरचाच भात, मासळी आणि भाजी खाल्ली की पैसा गावातच राहतो. यात आपली गरज कमी होते, दुसऱ्याचा मोबदला नव्हे. आमच्या दृष्टीने खरी सीमारेषा येथेच आहे. स्वतःच्या सोयींना कात्री लावणे ही काटकसर. दुसऱ्याच्या श्रमांना कात्री लावणे याला निराळे नाव द्यावे लागेल.

सरकारी बोटींचे उदाहरण आम्हांस याहून अवघड वाटते. या बोटींत बेटवासीयांना भाडे कमी आणि बाहेरच्यांना अधिक असते. तरी ते खासगी वेगवान बोटींपेक्षा बरेच कमी पडते. शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे कोणतीही सवलत कोणासाठी असते, हा प्रश्न आमच्या मनात आपोआप उभा राहतो. ही सेवा मुख्यतः रुग्ण, विद्यार्थी आणि शेतकरी यांच्यासाठी आहे. त्यांना दुसरा रस्ता नाही. प्रवाशाने तिकीट रीतसर घेतले, तर नियमभंग होत नाही. पण नियमाने मिळालेली प्रत्येक वस्तू घेणे योग्यच असते, असे नाही. सौभाग्यवतींचा निवाडा आमच्यापेक्षा सरळ होता: जागा रिकामी असेल तर बसावे, बेटावरचे कोणी मागे राहत असेल तर आपण जादा पैसे मोजावेत. असे कोणी मागे राहत आहे किंवा नाही, हे खिडकीवर एकदा विचारल्याने कळते. एवढे विचारणे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही.

दीर्घ मुक्कामाचे खरे मोल आम्हांस येथेच दिसते. दोन दिवस राहणाऱ्यास घरमालकाच्या अडचणी कळत नाहीत, म्हणून त्याच्यावर त्यांचे दायित्वही फारसे येत नाही. महिनाभर राहणाऱ्यास मात्र विहीर किती खाली गेली, मुलाची फी केव्हा भरायची आहे, हे दिसत असते. दिसत असूनही जो आपली वही तेवढी सांभाळतो, त्याला अजाणतेपणाची सबब उरत नाही.

आपल्या पूर्वजांना परक्या गावाने आश्रय दिला, तेव्हा ते त्या गावाचे काही देणे लागत होते आणि त्यांनी ते आपापल्या परीने फेडले. प्रवासी स्थायिक होत नाही, म्हणून त्याचे देणे लहान असते. परंतु ते निघण्यापूर्वीच चुकवावे लागते, कारण नंतर तो तेथे नसतो. तेव्हा अशा प्रवासाला निघणाऱ्या स्नेह्यांना आम्ही एवढेच सुचवू: सामान हवे तितके कमी न्यावे, जेवण साधे घ्यावे, पायी पुष्कळ हिंडावे. मात्र शहाळेवालीने सांगितलेला भाव द्यावा, आणि जमाखर्चाच्या वहीत तो बचतीच्या सदरात शोधू नये.